बोराड्यांची यादी

जुनं ग्राफिक्स कार्ड हातात आलं की बोराडे आधी त्याचा वास घेत. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि पंख्याच्या पात्यांपाशी नाक न्यायचं. "हे देवघराशेजारी होतं," ते सांगत. "उदबत्तीचा वास हाय. बिनघोर घ्या." दुसऱ्या एखाद्या कार्डाबद्दल म्हणत, "ह्याला दिवसरात्र पळवलंय. डाळ करपल्यागत येतंय. फुकट दिलं तरी नेऊ नका." विकायला आलेला माणूस समोर उभा असला तरी आवाज कमी करायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. तो बिचारा कार्ड पिशवीत घालून निघून जाई.

बोराडे मूळचे मखमलाबादचे. घरची शेती फ्लॉवर आणि झेंडूची. पहाटे माल मार्केट यार्डात पोचवायचा, घरी जाऊन जेवायचं आणि अकरा वाजता गंगापूर रोडच्या एका गल्लीतलं दुकान उघडायचं, असा त्यांचा दिवस. पाटीवर नाव नव्हतं. 'कॉम्प्युटर – विक्री व दुरुस्ती' एवढंच होतं, आणि त्यातला 'दुरुस्ती' उन्हाने जवळजवळ पुसला गेला होता. वय पंचावन्नच्या आसपास, शर्ट कायम बाहेर, नखांत माती. पण प्रोसेसरला हात लावण्याआधी हे गृहस्थ दोनदा साबणाने हात धूत आणि खास त्यासाठी ठेवलेल्या पांढऱ्या पंच्याला पुसत. त्या पंच्याला दुसऱ्या कुणी हात पुसलेले त्यांना खपत नसत.

मी नाशिक रोडच्या एका शाळेत गणित शिकवते. चाळिशी जवळ आली होती तेव्हा मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा झाला. ही हौस कॉलेजपासूनची. नोकरी, आईचं आजारपण, घराचे हप्ते यांत ती मागे राहिली होती इतकंच. चार दुकानांत गेले, चारही ठिकाणी एकच प्रश्न: "मुलासाठी का मॅडम?" एकाने तर माझ्याशी बोलायचं सोडून, सोबत आलेल्या शेजाऱ्यांनाच सगळं समजावून सांगितलं. त्या शेजाऱ्यांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.

पाचवं दुकान बोराड्यांचं. त्यांनी विचारलं, "खेळ कोणता?"

मी सांगितलं, गाड्यांच्या शर्यती, आणि एक लढाईचा.

"पडदा हाय का घ्यायचाय? किती इंची?" मग वहीतून मान वर करून, "आणि खेळताना खोलीत फॅन असतो का कूलर?"

पडदा घरी होता, चोवीस इंची. खोलीत पंखा होता. कोण खेळणार, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी खुर्ची ओढून बसले.

पुढचे दोन तास त्यांनी मला कॉम्प्युटर कसा निवडावा ते शिकवलं. माझ्या वर्गात मी इतक्या सबुरीने कधी शिकवलेलं नाही. आपल्याकडे पैसे बेताचे असले की माणूस आधी दिवे असलेली कॅबिनेट बघतो, मग मोठा प्रोसेसर, आणि उरलेल्या चिल्लरीत पॉवर सप्लाय घेतो, हे त्यांचं मुख्य दुखणं. ते उलटीकडून सुरू करत. दोन पॉवर सप्लाय माझ्या दोन्ही हातांत दिले. "वजन बघा. हा हलका लागतोय ना? वरून गोंडस, आतून पोकळ. असला फ्लॉवर मी यार्डात नेला तर व्यापारी माझ्या तोंडावर मारल. हा जळला तर एकटा जळत नाय, घर घेऊन जातो." मग प्रोसेसर मधला, मदरबोर्ड साधा, आणि वाचलेलं सगळं ग्राफिक्स कार्डाला. "खेळ ते ओढतं. बाकीचे सोबत चालतात." रॅमची मी एकच सोळा जीबीची पट्टी म्हणाले तर त्यांनी मान हलवली. "आठ-आठच्या दोन घ्या. एका बैलावर औत धरता का तुम्ही?" मी औत कधीच धरलं नव्हतं, पण मुद्दा समजला. कॅबिनेट त्यांनी अगदीच कुरूप निवडली, समोर नुसती जाळी. मी काचेची दाखवली. "ती कपाटात ठेवायला छान हाय," म्हणाले. "पण एप्रिलमध्ये ती श्वास कुठून घेणार?"

यादी ते मार्केट यार्डाच्या जुन्या पावत्यांच्या मागच्या बाजूला लिहीत. प्रत्येक वस्तूपुढे ती का घ्यायची ते एका ओळीत. खाली कार्बन लावलेला असे. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक त्यांच्या भिंतीवरच्या तारेला टोचलेली. माझ्या यादीच्या तळाला दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'कॅबिनेटमध्ये कार्डाला जागा साडेअकरा इंच. याहून लांब नको.'

"उद्या येते," मी म्हणाले.

मी गेले नाही. घरी येऊन मोबाइलवर यादीतली एकेक वस्तू शोधली. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी स्वस्त होती. शिक्षकाच्या पगारात एवढं बघावंच लागतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते लगेच पटलं. सगळं तिथूनच मागवलं आणि वाचलेल्या पैशात कार्डही मोठं घेतलं. यादीत दोन पंख्यांचं होतं, मी तीन पंख्यांचं मागवलं. दोन रेघा मारलेली ओळ मी वाचली होती. पण साडेअकरा आणि साडेबारा यांतला फरक मला त्या दिवशी किरकोळ वाटला. गणिताच्या शिक्षिकेला.

कार्ड कॅबिनेटमध्ये बसेना. पुढच्या बाजूला हार्ड डिस्कसाठी पत्र्याचा एक पिंजरा असतो, त्याला ते अडे. सरळ घातलं, तिरकं घातलं, दोन दिवस झटापट केली. शेवटी सगळं पुन्हा खोक्यांत भरलं, माल ज्यातून आला होता त्याच मोठ्या तपकिरी पुठ्ठ्याच्या खोक्यात ती घातली आणि रिक्षाने गंगापूर रोड गाठला. नाशकात त्यासाठी दुसरा माणूस मला माहीत नव्हता. वाटेत द्वारका चौकाजवळ मी एक भाऊ तयार केला.

"माझ्या भावाने पाठवलंय सगळं," मी बोराड्यांना सांगितलं. "मनमाडला असतो. रेल्वेत. त्याने मला विचारलंच नाही, परस्पर घेऊन टाकलं."

मी एकुलती एक आहे.

बोराड्यांनी खोकं काउंटरवर घेतलं, वरून एकदा नजर फिरवली, हात धुतले, पुन्हा धुतले. सप्लाय हातात तोलला. रॅमच्या दोन पट्ट्या बघितल्या. "भाऊ हुशार हाय तुमचा," म्हणाले. "माझ्याच डोक्याने चाललाय." मग कार्ड काढलं, खिशातली स्टीलची टेप ओढून त्यावर धरली. "फक्त हितं घसरला. भावाला सांगा, टेप लावायला पैसे लागत नाय."

माझे कान गरम झाले होते.

त्यांनी पिंजऱ्याचे रिवेट ड्रिलने एकेक उडवले. पिंजरा बाहेर काढला, पत्र्याच्या कडा कानशीने घासल्या, बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा घासल्या, मला हात कापू नये म्हणून. दुपारचे चार वाजले. जोडणी झाल्यावर त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी शेतीचा एक गेम लावला. प्रत्येक नवा कॉम्प्युटर ते तासभर नांगरायला लावत. कार्ड किती तापतं ते एका कोपऱ्यात दिसत असे, पण त्यांचं लक्ष नांगराकडे. "लय उथळ चाललाय," ते पुटपुटत. "असल्या नांगरटीत काय उगवणार!" मी पैसे काढले तर म्हणाले, "राहू द्या. भाऊ आला की त्याच्याकडून घेईन."

इथपर्यंत हे एका लबाडीचं प्रकरण झालं. पण बोराड्यांनी ते पुढे पाच वर्षं चालवलं.

मला तिथे जायचं तसं कारण नव्हतं, कॉम्प्युटर उत्तम चालत होता. पण दर दोन-तीन महिन्यांनी मी जात असे. कधी माउस, कधी केबल, एकदा घरी चांगला असताना दुसरा कीबोर्ड. ऑनलाइन भाव मी बघत नसे. त्याला प्रायश्चित्त म्हणा. आणि दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न: "काय म्हणतो मनमाडचा भाऊ?" बरा आहे म्हणावं लागे. नाव विचारलं तेव्हा मी सुनील सांगितलं. एकदा म्हणाले, "परवा कांद्याच्या रोपासाठी मनमाडकडं चाललोय. भेटून येतो की भावाला." मी घाईघाईने त्याची भुसावळला बदली करून टाकली. बोराड्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "भुसावळला लय ऊन. कार्ड तापवत असंल. सांगा त्याला, पुढचा पंखा हवा आत ओढणारा लाव, मागचा बाहेर टाकणारा." एका भाऊबीजेच्या आधी त्यांनी दोन फ्लॉवर पिशवीत घालून दिले. "येईल ना भाऊ? त्याला आवडत असंल तर." मी ते घरी नेले. भाजी चांगली झाली, पण अर्धी मी शेजाऱ्यांकडे पाठवून दिली.

त्या खुर्चीवर बसून मी माझ्यासारखे पुष्कळ पाहिले. एकदा एका तरुण माणसाला त्यांनी दीड तास समजावलं. सप्लाय हातात दिला, बैलजोडी सांगितली, श्वास सांगितला. त्याने यादी काउंटरवर सरळ केली, मोबाइलने फोटो काढला आणि मूळ कागद तिथेच ठेवून म्हणाला, "विचार करून सांगतो."

"करा की. विचार फुकट हाय," बोराडे म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, "यांतले किती जण परत येतात?"

त्यांनी कागद तारेला टोचला. "यादी बरोबर असली तर परत येतील कशाला?"

यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. निदान यादी देताना आधी पैसे घ्या, असं मी एकदा सुचवलं. ते माझ्याकडे नवल करून बघत राहिले. "सांगायचे पैसे? यार्डात कुणी विचारलं, कोणतं बी लावलं, तर सांगतोच ना आपण."

गेल्या वर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी गेले, तर पाटी खाली उतरवलेली होती. दुकान मोबाइलचे कव्हर विकणाऱ्याने घेतलं होतं. बोराडे खोकी भरत होते. मळ्यात रोपवाटिका टाकणार म्हणाले. रोपं माणसं अजून हाताने चाचपून घेतात. तारेवरच्या याद्यांचा गठ्ठा हातभर जाड झाला होता. त्यांतल्या बहुतेक कॉम्प्युटरांचा एक स्क्रूही या दुकानातून गेला नव्हता. वरून पाचशेएक कागद उचलले असते तर तळाशी कुठेतरी माझाही सापडला असता.

"बोराडे," मी म्हणाले, "मला भाऊ नाही."

ते खोक्याला चिकटपट्टी लावत होते. ती पूर्ण लावून झाली. "ठाऊक हाय ताई. त्या तपकिरी खोक्यावर तुमचंच नाव होतं. पत्त्यासकट. लय मोठ्या अक्षरात."

पाच वर्षांतली ती बदली, भुसावळचं ऊन, भाऊबीजेचे फ्लॉवर माझ्या डोळ्यांपुढून गेले. मला रागही आला. "मग दर वेळी विचारत का होता, भाऊ कसा आहे म्हणून?"

"नसतं विचारलं तर तुम्ही आल्या असत्या का?" ते म्हणाले. "तोंड चुकवून बसल्या असत्या. यादी नेलेले एवढे," त्यांनी तारेकडे बोट केलं, "त्यांतल्या फिरून आलेल्या तुम्ही एकट्या. त्या भावामुळं."

 त्यांनी खिशातून स्टीलची टेप काढून माझ्या हातावर ठेवली. "सुनीलला द्या," म्हणाले, आणि पांढऱ्या पंच्याची घडी घालू लागले.

आता शाळेतले सहकारी, त्यांच्या ओळखीचे, कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की माझ्याकडे येतात. खेळ कोणता, पडदा किती इंची, खोलीत पंखा आहे का, मी विचारते. सप्लाय वजनाला जड बघा म्हणते, रॅमच्या दोन पट्ट्या घ्या म्हणते. टेप पर्समध्ये असते. यादी लिहून तळाला लांबी टाकते, दोन रेघा मारते. मग ते यादी हातात घेऊन विचारतात, "मॅडम, हे घ्यायचं कुठून?"

गंगापूर रोडच्या त्या गल्लीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात.