खिडकीच्या बाई आणि हिरवा पडदा

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या आमच्या खिडकीच्या बाई. घाटकोपर पूर्वेला त्यांना माहीत नाही असा आजार नव्हता, आणि त्यांना माहीत झालेला आजार शेजाऱ्याला कळला नाही, असंही कधी झालं नाही. एका धर्मादाय रुग्णालयाच्या औषधखिडकीवर त्यांनी आख्खी नोकरी काढली. त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. बाईंनाही पेशंटांची नावं लक्षात ठेवायची सवय नव्हती. त्या माणसं गोळ्यांवरून ओळखायच्या. "थायरॉइड, पुढे या! अर्धी गुलाबी, तुम्ही परवा का नाही आलात? ओ साखर, मागे काय लपताय, दिसताय मला!" हा आवाज रांग ओलांडून बाहेरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा आणि तिथला एखादा रिक्षावाला रिक्षा सोडून आत यायचा, कारण तोही साखरच असायचा. एकदा एका पेशंटच्या मुलीच्या लग्नाला बाई गेल्या होत्या. स्टेजवर अक्षता टाकता टाकता त्यांनी वरबापाला ओळखलं आणि आहेर देण्याआधी म्हणाल्या, "बीपी, ते लोणचं पानात राहू दे हां."

मी त्यांच्याकडे गेलो तो मुलुंडच्या फार्मसी कॉलेजचा प्रशिक्षणार्थी म्हणून. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून आलेलो, घरातला पहिलाच कॉलेजात शिकणारा. वर्गात इंग्रजी आणि बाहेर मुंबईची भरधाव मराठी, त्यामुळे दोन वर्षं मी जवळजवळ मुकाच होतो. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "कुठला रे तू? बोल ना जरा, फुकट आहे बोलणं." मी घाबरत दोन वाक्यं बोललो. त्यांनी रांगेतल्या एका म्हातारीला हाक मारली, "लोहाच्या गोळ्या, इकडे या. हा तुमच्याकडचाच दिसतोय." म्हातारी मेहकरकडची, पंतनगरला लेकाकडे राहणारी. मी तिला म्हटलं, "माय वं, हे गोळी चहासंगं घेऊ नको." म्हातारी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. गेली दोन वर्षं ती गोळी चहासंगंच घेत होती. सांगणाऱ्यांनी सांगितलं होतं, पण तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी खिडकीवर बोलायला लागलो, तो अजून बोलतोच आहे.

बाईंची रांग म्हणजे एक कार्यकारिणी होती. औषध बाई द्यायच्या, पण देखरेख रांग करायची. "बाई, हे काल नाक्यावर भजी खात होते," असं मागून कुणी सांगायचं, आणि भजीवाले गृहस्थ बाईंपेक्षा त्या मागच्यावर डोळे वटारायचे. एका निवृत्त पोस्टमनने बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद केली, तेव्हा बाईंनी नुसतं मोठ्याने विचारलं, "पोस्टमन दिसत नाहीत ते?" संध्याकाळपर्यंत तिघेजण त्यांच्या दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी पोस्टमन रांगेत. बाई म्हणायच्या, "गोळी एकटा माणूस घेत नाही रे. घर घेतं. चाळ घेते."

आमच्या कॉलेजचा स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला आणि तिथल्या एक प्राध्यापक मॅडम सहा आठवड्यांसाठी या खिडकीवर आल्या. उंच, शांत, सतत वहीत लिहिणाऱ्या. दुभाष्या मी. पहिल्याच सकाळी बाईंनी "ओ मूळव्याध!" अशी हाक मारली, तिचा अर्थ मॅडमनी मला विचारला, आणि तो ऐकून त्या कानापर्यंत लाल झाल्या. मग त्या बराच वेळ बोलल्या: रुग्णाचा आजार हा त्याचा खासगी विषय आहे, तो असा चारचौघांत सांगणं म्हणजे त्याचा विश्वास मोडणं आहे, त्यांच्याकडे यावरून परवाना जाऊ शकतो.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत, तुमचा आवाज खणखणीत आहे."

"एवढा वेळ बोलली, आणि एवढंच?" बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तिला सांग, तुमच्याकडे म्हातारी माणसं एकेकटी असतात म्हणे घरात. मग त्यांनी गोळी घेतली की नाही, कोण बघतं? खासगी विषय?"

मी मॅडमना सांगितलं की बाईंच्या मते कुटुंब महत्त्वाचं असतं. असे चार दिवस मी दोघींना एकमेकींपासून वाचवलं. पाचव्या दिवशी मॅडम एक हिरवा पडदा घेऊन आल्या. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात तो लावला, आत दोन स्टुलं ठेवली. ज्याला खासगी बोलायचंय त्याने आत जावं, असा मॅडमचा साधा विचार होता. पण आत गेला तो एकच, एक आजोबा, खोकल्यासाठी. ते बाहेर आले तेव्हा रांग गप्प झाली होती, आणि त्यांच्या बायकोने पुढचे तीन दिवस त्यांना "खरं सांगा, काय झालंय?" म्हणून झोपू दिलं नाही. त्यानंतर पडद्याआड कुणी फिरकेना. बाई तिथे बसून डबा खायच्या. "झकास आडोसा झाला," म्हणायच्या. मॅडमची वही मिटली होती. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि बाईंचा थोडा अभिमानही.

एका दुपारी खिडकी बंद व्हायच्या वेळेला एक मुलगी थेट पडद्याआड गेली. आईच्या कॅल्शियमसाठी दर महिन्याला येणारी, रांगेत कडेला उभी राहणारी. आत बाई डबा खात होत्या, मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होतो. तिने पर्समधून चारदा घडी केलेला कागद काढला. फिट्सच्या गोळ्या. आधी दुसरीकडून विकत घ्यायची, ते परवडेना म्हणून बंद झालं. इथे फुकट मिळतात हे तिला माहीत होतं, पण चार महिन्यांत तिने एकही घेतली नव्हती. मागच्या आठवड्यात गॅससमोरच फिट आली. तिने ओढणी बाजूला करून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला.

"अगं, दर महिन्याला येतेस ना तू! मागायच्या नाहीत?"

"लग्न ठरलंय बाई. त्यांच्या शेजारच्या काकू असतात रांगेत." मग ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही माणसाचं नाव नाही घेत. गोळीचं घेता. म्हणून नाही मागितल्या."

बाईंचा घास हातातच राहिला. "चल, वर डॉक्टरांकडे जाऊ," असं त्या म्हणाल्या, ते इतक्या हळू की तो आवाज त्यांचाच आहे हे कळायला मला क्षण लागला. स्वतः तिला घेऊन गेल्या, गोळ्या आणि मलम घेऊन परत आल्या, आणि एकही प्रश्न न विचारता तिला मागच्या दाराने सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नियम निघाला: औषध कुणाचंही असो, पडद्याआडच मिळेल. रांगेत गदारोळ झाला. "बाई, मला नुसता बाम पायजे!" "बामालाही आत ये." "अहो, मीठ-साखरेची पुडी!" "ती पण आत." सगळेच आत जायला लागल्यावर आत जाण्यात काही उरलं नाही. दहा दिवसांत लोक विसरले की कधी उघड्यावर औषध मिळायचं. पोस्टमनच्या घरी मात्र बाई अजूनही निरोप पाठवायच्या, आधी त्यांना विचारून. मॅडम म्हणाल्या, हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. या वेळी मी शब्द न् शब्द सांगितला. बाई म्हणाल्या, "मलाही सुचलं नसतं, तिने पडदा आणला नसता तर. सांग तिला." तेही मी तसंच सांगितलं.

मॅडम गेल्या त्या संध्याकाळी बाईंनी कुलूप लावता लावता विचारलं, "अशा किती परत गेल्या असतील रे, माझा आवाज ऐकून?" मी म्हटलं, "फार नसतील, बाई." त्यांनी कुलूप एकदा ओढून बघितलं.

त्याच करारातून पुढे मी इकडे स्कॉटलंडला शिकायला आलो. बाई निवृत्त होऊन चेंबूरला भावाकडे राहतात. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

मी एका लहान गावातल्या औषधाच्या दुकानात काम शिकतो आहे. गेल्या महिन्यात एका आजोबांचा मुलगा दुकानात आला. वडील नीट जेवत नाहीत, काळजी वाटते, म्हणाला. मला फार बरं वाटलं, कुणीतरी घरचं आलं म्हणून. मी त्याला वडिलांची नवी औषधं समजावून सांगितली, कशासाठी आहेत तेही. आजोबांनी ते मुलाला सांगितलेलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं. मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. मी त्यांची लेखी माफी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही, आणि तेही पुन्हा दुकानात आलेले नाहीत.

तुम्ही त्या संध्याकाळी विचारलंत, तेव्हा मी "फार नसतील" म्हणालो. मला माहीत नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. अजूनही माहीत नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. मी तिथे होतो त्या शेवटच्या वर्षी तुम्ही औषध देता देता पडदा सारून रांगेच्या टोकाकडे बघायचात. मला वाटायचं, गर्दी मोजताय.

आता आजोबा औषध दुसऱ्या गावाहून आणतात की घेतच नाहीत, हे मला विचारता येत नाही. दुकानाच्या दाराला घंटा आहे. ती वाजली की माझी मान वर जाते. आज अकरा वेळा वाजली.

तब्येतीची काळजी घ्या.

आपला,
खिडकीवरचा विद्यार्थी