पाणी पेटवणारी आत्या

अख्ख्या अंथुर्णे गावात पाण्याकडे इंधन म्हणून बघणारी एकच बाई आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे, हे मी बारामतीत कुणालाही छाती फुगवून सांगतो. बाकीचं गाव पाणी उसाला सोडतं. आत्या ते फोडते. ‘फोडते’ हा तिचाच शब्द. पाण्यात वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात आणि काडी लावली की ते धडाक्यानं पेटतात, हे तिनं मोबाईलवर पाहिलं तेव्हा तिचं वय नातवंडं खेळवण्याचं होतं. नातवंडं तिनं मामांच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, हवाली केली आणि स्वतः गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत शिरली.

तेव्हापासून त्या घरातली स्टीलची ताटं कमी होत गेली. त्यांच्या पट्ट्या कापून ती बरणीत उभ्या करायची. पाहुण्यांना केळीच्या पानावर वाढलं जाऊ लागलं आणि पाहुण्यांना वाटायचं, काय हा थाट! वीज यायची ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, त्यामुळे ऐन नांगरटीत मामा ट्रॅक्टर ढकलायला माणसं गोळा करत फिरायचे. पहिल्यांदा तिनं पाण्यात मीठ टाकलं, तर असा उग्र वास सुटला की सगळं घर खोकत अंगणात आलं. “मीठ न्हाय चालत,” तोंडाला पदर लावून आत्या म्हणाली, “भाजीतच बरं हाय ते.” मग धुण्याच्या सोड्यावर जमलं. गॅसची नळी साबणाच्या पाण्यात सोडायची, फेस धरायचा आणि लांब काठीला बांधलेली पेटती वात त्याला लावायची. पहिल्या धडाक्याला म्हशीनं दावं तोडलं आणि ती शेजाऱ्यांच्या उसात घुसली. शेजारचे तात्या भांडायला आले, तर आत्यानं त्यांनाच पाटावर बसवून दुसरा धडाका दाखवला. तात्या म्हशीचं विसरूनच गेले. “धूर न्हाय, राख न्हाय, जळून पुन्हा पाणीच!” हे ती अशा ऐटीत सांगायची की जणू पाणी तिच्या माहेरच्या घराण्यातलं आहे. पुढं तिनं ती नळी ट्रॅक्टरच्या इंजिनालाही जोडली. त्याचं काय झालं ते मात्र तेव्हा कळलं नाही. विचारलं तर “चाललंय” एवढंच म्हणायची.

मग एक दिवस इंदापुरात एक विक्रेता आला. ‘ट्रॅक्टर पाण्यावर चालवा’ असा भलामोठा फलक आणि खाली काचेच्या बाटलीचं यंत्र. गावातले लोक लगेच आत्याकडे आले. “आक्का, यातलं तुमालाच कळतं,” तात्या म्हणाले. “तुमी व्हय म्हणा, आमी सगळे घेतो.” आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसली. वाटेत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आनंदानं.

मैदानात ट्रॅक्टर धडधडत होता. बाटलीत बुडबुडे उसळत होते आणि तिथून निघालेली रबरी नळी इंजिनात गेली होती. लोक नावं नोंदवायला रांगेत उभे होते; आमच्या मागोमाग आलेले तात्या आणि गावकरीही त्यात होते. आत्या शांतपणे ट्रॅक्टरजवळ गेली, ती नळी मुठीत धरली आणि करकचून दुमडली. गॅस थांबला. ट्रॅक्टर होता तसाच धडधडत राहिला.

“मावशी, काय करताय?” विक्रेता धावला.

“तुमचं पाणी बंद केलंय,” आत्या म्हणाली. “इंजिनाला पत्ताच न्हाय.”

मैदान हसलं. तिनं नळी सोडली आणि वळून गावकऱ्यांकडे पाहिलं. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “पाणी पेटतं, ते खोटं न्हाय. पण ते फोडायला जेवढी वीज लागती, तेवढीबी जळून परत मिळत न्हाय. मी माझ्या ट्रॅक्टरला जोडून बघितलं. थेंबभर डिझेल वाचलं न्हाय. तुमाला सांगायची लाज वाटत हुती, म्हणून गप बसले. पण आता गप बसले तर तुमी बुडाल.”

मग तात्यांनी टोपी सारखी केली आणि ते रांगेतून बाहेर आले. त्यांच्यामागं एकेक करत आमचं सगळं गाव बाहेर आलं. ज्या गोष्टीपायी गाव तिला मानायचं, ती फसल्याचं तिनं त्याच गावासमोर भर मैदानात सांगितलं होतं. ही माझी आत्या, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच सांगून टाकलं.

परतताना कॅनॉलच्या पुलावर तिनं खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. पाणी काठोकाठ भरून चाललं होतं. ती कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली.

“खरं असतं, तर किती बरं झालं असतं रं,” ती हळूच म्हणाली.

मी नुसतं “व्हय” म्हणालो आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.