मामांची शब्दपारख

शब्दाच्या पोटात दडलेला राग नुसत्या कानाने ओळखणारा मनुष्य अवघ्या इंदापूर तालुक्यात एकच झाला, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या पत्नीचा मामा होता. मामा अंथुर्ण्याचे. तरुणपणी मेंढरे राखली, पुढे पाटाच्या पाण्यावर टोमॅटो पिकवले. शाळा मात्र पाहिली नाही. तरीही बाजारच्या दिवशी ते कचेरीबाहेर माझ्या टेबलाशेजारी ठाण मांडत आणि मी पक्षकाराला अर्ज वाचून दाखवू लागलो की डोळे मिटून ऐकत. शब्द खटकला की बोट वर. "जावईबापू, ह्ये डोळ्यानं बगितलं, का मनाला वाटलं?" माझ्यासारख्या नामांकित अर्जलेखकाला हे भर कचेरीच्या दारात! बैलबाजारात विकणारा ज्याला 'तरतरीत' म्हणे, त्यालाच घेणारा 'मारका' म्हणे; मामा मध्ये उभे राहून ओरडत, "आरं, बैल तर एकच हाय की!" सौदा मोडे आणि दोघेही मिळून मामांना शिव्या देत. एकदा मीच गाऱ्हाणे केले, की तुमची भाची भांडकुदळ आहे.

"काय म्हनली ती?"

"सकाळपासून तीनदा म्हणाली, मीठ संपलंय."

"मग मीठ आना. भांडन कुठं हाय ह्यात?"

गावोगावी टेलिफोनचे पिवळे बूथ लागत होते त्या सुमारास बावड्याची एक बाई आली. दिराने शेताच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले होते. गाडी जाईना, तोडलेली वांगी डोक्यावरून वाहावी लागत. मी लेखणी सरसावून लिहिले : 'सदर नराधमाने दहशत माजवून वाट बळकावली आहे.' मामांचे बोट वर गेले ते खाली येईना.

"मामा, अर्जाला वजन लागतं!"

"लागतं. बाई, तुला त्येला शिक्षा पायजे, का वाट?"

"वाट पायजे, आबा. मानूस वंगाळ न्हाय वो त्यो."

अखेर कागदावर काटे, गाडी आणि वांगी एवढेच उरले. अर्ज दाखल करण्याआधी मामांनी मला त्या बाईसोबत बावड्याला नेले आणि दिरापुढेच वाचायला लावले. तो बाह्या सावरून उभा होता. वाचन संपले तरी तो थांबलेलाच.

"शिव्या कुठं हायत?"

"न्हायत," मामा म्हणाले. "खोटं काय हाय का त्यात?"

त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "न्हाय. काटं मीच टाकलं." मग भावजयीकडे न बघताच म्हणाला, "वैनी, पाटी लई जड व्हती का?"

तिने पदर डोळ्यांना लावला. त्याने कोयता आणून वाटेवरचे काटे तोडायला घेतले. तो अर्ज दाखल करण्याची वेळच आली नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. बावड्याला गेलो की मी त्या वाटेने मुद्दाम चालतो. दोन्ही घरांच्या गाड्या जाऊन जाऊन चाकोरी इतकी खोल पडली आहे, की गवत उगवते ते फक्त मधल्या पट्ट्यात.