बापाच्या राज्यातला उपराजा

आमच्या आखातातल्या, मआमीरच्या वर्कशॉपमध्ये छोट्या शेठच्या तोंडी एकच वाक्य असे : "अब्बांना विचारून सांगतो." कुणाची रजा असो, नाहीतर चहाच्या खोलीतला पंखा, साठ माणसांचा हा चोवीस वर्षांचा मालक दुबईला वडिलांना फोन लावायचा. घराणं रत्नागिरीचं. मी तिथे ड्रॉइंग आणि तपासणीचं काम बघायचे. मला तो ताई म्हणायचा.

एकदा चहा पिताना मी त्याला शार्लमेन बादशहाविषयी सांगितलं. त्यानं आपल्या तीन वर्षांच्या मुलाला, लुईला, अक्विटेन प्रांताचा राजा केलं होतं. मुकुट पोराच्या डोक्यावर, कारभार बापाच्या माणसांकडे.

छोटा शेठ हसला. "मोठा झाल्यावर बापाला कधी नाही म्हणाला का तो?"

"माझ्या तरी वाचनात नाही. बापामागून बादशहा मात्र झाला."

"म्हणजे तोवर विचारूनच सांगत असणार," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याला उपराजा म्हणू लागले.

आमच्याकडे कारभार होता फोरमन मुस्तफाचाचांचा. मोठ्या शेठकडे त्यांची वीस वर्षं गेलेली. एका सकाळी दुरुस्तीला आलेल्या तेलाच्या टाकीत चार वेल्डर उतरायचे होते आणि गॅस तपासायचा मीटर बंद पडला. दुसरा यायला दोन तास लागणार होते. मी काम थांबवायला सांगितलं. चाचांनी दुबईला फोन लावला. उत्तर आलं, यल्ला, उतरवा लवकर, आधीच उशीर झालाय.

"थांबा," छोटा शेठ म्हणाला.

"मोठ्या शेठचा हुकूम आहे, बाबा," चाचा समजुतीनं म्हणाले.

टाकीच्या बाजूला माणूस शिरेल एवढं गोल तोंड होतं, छोटा शेठ त्यात जाऊन पाय बाहेर सोडून बसला. "आत जायचं तर मला उचलून बाजूला करा."

मालकाच्या मुलाला हात कोण लावणार? ऊन चढलं. त्याचा फोन वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. मी पाणी दिलं, ते तो जागचा न हलता प्यायला.

मीटर आला. नळी आत सोडताच मीटर किंचाळायला लागला, टाकीत गॅस होता. वेल्डिंगची एक ठिणगी पुरली असती. चाचा जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "खलास झालो असतो."

आठवड्यानं मोठे शेठ आले. सगळं ऐकून घेतलं, पण फोन न उचलल्याचं त्यांना पचलं नाही. त्याच्या जागी चुलतभावाला बसवलं. जाण्याआधी उम्म अल हस्सम भागातल्या एका हॉटेलात छोट्या शेठनं मला आणि चाचांना जेवायला नेलं. तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, ताई. सुटलो मी." इतका मोकळा हसताना त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं. आता तो रत्नागिरीत बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. स्वतःचं दुकान आहे, लहानसं.

मागच्या महिन्यात पुन्हा दुबईहून घाईचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. चाचांनी तो घेतला.

"नाही, शेठ," ते म्हणाले. "तपासणी झाल्यावरच माणसं उतरवीन."

पलीकडून मोठ्या शेठचा आवाज आला, "बरं."