दुसऱ्या फेरीचं वळण

लेकीचा गुडघा लातूरच्या मैदानावर दुखावला. पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत ती होती. आठशे मीटरच्या सरावात, दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर, ती पडली. मैदानी चाचणीला दोन महिने होते. नांदेडला घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “इतक्यात पळायचं नाही. पण रोज डोळे मिटून आठशे मीटर मनात पळायचं. खऱ्याइतकाच वेळ लावून.”

मी कॉलेजात शिकवून निवृत्त झालो. गळ्यात हार घालून माइकवरून ‘स्वप्न बघा’ सांगणारे पुष्कळ ऐकले. हेही त्यातलंच वाटलं. पण मॅडमनी माइकशिवाय सांगितलं होतं, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

रोज सकाळी ती गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, पळायचे बूट घालून, दुखरा पाय स्टुलावर. मी स्टॉपवॉच दाबायचो. पोचली की तिने बोट वर करायचं, असं ठरलं होतं. तिचा श्वास खरोखर वाढायचा, कपाळावर घाम यायचा. बोट मात्र वर व्हायचं नाही. दोन-अडीच मिनिटांनी ती डोळे उघडायची.

“पडलीस?”

“पडत नाही, पप्पा. थांबते. त्या वळणावर मामाचा फ्लेक्स दिसतो.”

फ्लेक्स होता मुदखेडच्या चौकात. तिने अर्ज भरला त्याच आठवड्यात माझ्या मेहुण्याने लावलेला. तिचा चेहरा, त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अंगावरची खाकी, वर ‘भावी पोलीस’, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मधोमध मेहुणा, गॉगल लावून.

मी मुदखेडला गेलो.

“उतरवू कसा, दाजी? लोकं म्हनतील पोरगी फेल झाली,” मेहुणा म्हणाला. “आन् तुमी प्रोफेसर मानूस, फ्लेक्सला भ्यायलात?”

“मी नाही. ती.”

“मंग अजून मोठा लावू. हुरूप येईल.”

दोन चहा झाले. शेवटी मी चौकातच, पानटपरीवाल्यासमोर, त्याला हात जोडले. तेव्हा कुठे फ्लेक्स उतरला. कडब्याच्या गंजीवर झाकायला कामाला आला, चेहरे खाली करून.

दुसऱ्या दिवशी वॉच दाबलं. श्वास वाढला, घाम आला. मी तिच्या बोटाकडे बघत राहिलो. तिने डोळे उघडले.

“आता काय आहे तिथं? उतरवला की मी.”

“बांबू तसेच आहेत.” ती बुटाची नाडी ओढत राहिली. “आणि खाली तुम्ही. हात जोडून उभे. मामाने फोनवर सगळं सांगितलं.”

फ्लेक्स उतरवता आला. स्वतःला तिथून कसं उतरवायचं, ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. चाचणीला तीन आठवडे उरले होते.

“पुन्हा दाबा,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी वॉच दाबलं आणि हळूच तिच्या खुर्चीमागे सरकलो. तिचे डोळे मिटलेलेच होते, तरीही.