अर्ध्या मगाचे उपकार

१९६३ साली लान्स नायक शमुवेल तायडे आमच्या बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये आला. मी तिथे हवालदार होतो. मी यवतमाळ शहरातला, तो फुलसावंगीच्या बाजूच्या एका लहान गावचा. दोघेही ख्रिस्ती आणि एकाच जिल्ह्याचे, म्हणून सुभेदारसाहेबांनी त्याला माझ्या गळ्यात बांधलं. टेलिफोनची लाइन टाकणं आणि तुटली तर जोडणं हे त्याचं काम. माझं काम तुकडी चालवणं आणि कुरकुर करणं. दाल पातळ, ब्लँकेट विरलेलं, रजा नामंजूर. मला विषयांची कधी टंचाई पडली नाही.

शमूनं आपल्या गावचा रिवाज पलटणीत आणला. हंगामाच्या सणाला त्यांच्या चर्चमध्ये लोक ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कापूस घेऊन येतात. मग पाळक एकेका घराचं नाव घेतात. त्या घरचं माणूस उभं राहून एका गोष्टीचे उपकार मानतं. गोष्ट स्वतःला मिळालेली हवी, आणि इतकी लहान हवी की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसेल. कुणी पाऊसपाणी, लेकरंबाळं असलं मोठं काही बोललं, की म्हाताऱ्या बसल्या जागेवरून ओरडतात, "ते सगळ्यायचंच हाय, तुह्यं सांग!"

शमू हे रोज जेवणाआधी करायचा आणि आम्हालाही करायला लावायचा. बाकीची पोरं हिंदू होती, तीही हसत हसत एकेक सांगायची. मग माझी पाळी.

"हवालदारसाहेब, तुमचं?"

"माह्यं काही नाही. दाल पाह्य."

"गरम हाय ना जी?"

"हाय."

"मंग झालं तुमचं."

मला त्याचा राग येई आणि तो नसला की करमत नसे.

सप्टेंबर १९६५ मध्ये आम्ही पंजाबात सीमेवर खंदकात होतो. आदल्या दिवशी जेवण आणणारी लंगरची गाडी पोचली नव्हती. सकाळी गोळाबारीतून कसाबसा चहाचा डबा वर आला. शमूनं डोळे मिटले, प्रार्थना केली आणि चहाचा मग तोंडाला लावला.

"चहात माती हाय," मी म्हणालो.

"साखर बी हाय," तो म्हणाला.

त्याचा चहा निम्म्यावर आला होता, तेवढ्यात टेलिफोन बंद पडला. समोर टँक दिसत होते. लाइनशिवाय तोफखान्याला खबर जाणार नव्हती, आणि तोफा बोलल्या नाहीत तर पुढची कंपनी वाचणार नव्हती.

"तायडे, लाइन," मी हुकूम दिला.

"जातो साहेब." त्यानं आपला चहाचा मग माझ्या हातात दिला. "थंडा होऊ देऊ नका."

मी मगावर जेवणाच्या मेसटिनचं झाकण ठेवलं. थोड्या वेळानं फोनची घंटी वाजली. मीच उचलला.

"लाइन ओके साहेब. चहा हाय ना?"

"हाय. लवकर ये."

तोफा सुरू झाल्या. टँक मागे फिरले, कंपनी वाचली. शमू मात्र परत येताना गोळ्यात सापडला. जवानांसमोर हवालदारानं रडू नये म्हणतात. मी रडलो.

रजा मिळाली तेव्हा आधी त्याच्या गावी गेलो. घरी आई एकटी, मार्थाबाई. एसटीत मी सगळं जुळवून ठेवलं होतं, टँक, तोफा, बहादुरी. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"जेवला व्हता का तो?"

"जेवण आलंच नव्हतं मावशी. चहा प्याला."

"गरम व्हता?"

"व्हता."

"पुरा प्याला?"

"अर्धा."

ती उठून चुलीकडे गेली. पूर्ण प्याला म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी हंगामाचा सण होता. पाळकांनी दयेपोटी तिच्या घराचं नाव वगळलं. शेवटच्या प्रार्थनेला सगळे उठणार, तोच मार्थाबाई उभी राहिली.

"माह्यं घर काहून सोडलं, पाळकसाहेब? मी देवासंगं भांडून राह्यली, अजून बी भांडीन. पन माह्ये उपकार मानाचे राह्यले ना."

म्हाताऱ्या वळून तिच्याकडे पाहू लागल्या.

"जाताना माह्या पोराच्या पोटात अर्धा मग चहा व्हता. गरम व्हता." तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "हे माह्यंच हाय. दुसऱ्या कोनाचं नाही."

ती बसली. शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरला.

मार्थाबाई आता नाही. तिच्या घराचं नाव अजून घेतात आणि मी उभा राहतो. दरवर्षी त्या सणाला मी तिथे जातो, एसटीच्या नावानं बोटं मोडत जातो. पण पाळी आली की माझं एकच असतं.

"लान्स नायक शमुवेल तायडेचा फोन आला व्हता. मीच उचलला. त्याचे उपकार."