गाव तेच, राज्य दुसरं

माझी मामेबहीण कस्तुरा १९५८ च्या जूनमध्ये खानापूरकडच्या खेड्यातून बेंगळूरला आली, मल्लेश्वरमला आमच्या घरी राहून कॉलेज शिकायला. मॅट्रिकला ती तालुक्यात पहिली होती. सरकारी शिष्यवृत्ती मिळणार, असं सगळे धरूनच चालले होते.

अर्ज परत आला. त्यावर शेरा होता : अर्जदाराचं म्हैसूर राज्यात दहा वर्षं वास्तव्य नाही.

कस्तुरा कचेरीत गेली, मीही सोबत होते. तिथले कारकून त्रिविक्रमराव पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठी बोलायचे पण निम्मी कन्नड.

"दोन वर्षांमागं तुमचं गाव मुंबई राज्यात होतं की, अम्मा. नियमात बसत नाही."

"मग मुंबईकडे अर्ज करू?"

"ते कशाला देतील? गाव आता आमच्याकडं."

"म्हणजे मी कुठलीच नाही?"

त्रिविक्रमराव काही वाईट नव्हते. आवाज उतरवून म्हणाले, "स्वल्प ऐका. लहानपणापासून आत्याकडं मल्लेश्वरमला राहते, असं लिहा. मी पुढं पाठवतो."

घरी माझ्या आईलाही ते पटलं. "एका ओळीनं काय बिघडतं गं?"

"आत्या, आम्ही घर सोडलं नाही. हद्द सरकली. ती सरकारनं सरकवली, आणि खोटं मी लिहू?"

तिनं गावाहून शाळेच्या पटाचे उतारे मागवले, पहिलीपासूनचे. सोबत स्वतः अर्ज लिहिला : 'आज या राज्यात असलेल्या गावात मी जन्मापासून राहते. दहा वर्षांपूर्वी ते गाव कोणत्या राज्यात होतं, हे नियमात विचारलेलं नाही.'

उत्तर येईना. मग दर बुधवारी कॉलेज सुटलं की ती कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसू लागली. एकदा साहेब बाहेर येऊन म्हणाले, "एवढी घाई असेल तर आपल्या मुंबईला जा."

"मुंबई मी पाहिलेलीसुद्धा नाही, साहेब," ती कन्नडमध्ये म्हणाली आणि पुन्हा बसली. त्या रात्री मात्र ती जेवली नाही.

वर्ष तसंच गेलं. शेजारच्या दोन मुलींच्या शिकवण्या करून तिनं फी भरली. मार्चमध्ये वरून खुलासा आला : नव्यानं राज्यात आलेल्या गावांतलं आधीचं वास्तव्यही धरावं. पुढच्या वर्षापासून शिष्यवृत्ती मंजूर. गेलेल्या वर्षाची मिळणार नाही, असं त्यातच लिहिलं होतं. तिनं त्यावरही तीन अर्ज केले. तिन्ही फेटाळले गेले.

आईनं विचारलं, "आता तरी पुरे ना?"

कस्तुरानं त्या खुलाशाच्या प्रती हातानं लिहून काढल्या आणि खानापूर तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलला एकेक पाठवली. जूनमध्ये तिकडच्या पाच मुली बेंगळूरला आल्या. त्यातल्या दोघी आमच्याच माडीवर राहिल्या.